चौथा विडा

‘पुन्हा म्हण,’ मी म्हटलं.

निशिकांत ओट्याला टेकून उभा होता. दाढी केली होती, लग्नाकार्यात घालायचा आकाशी शर्ट घातला होता, आणि वर्गात कविता म्हणायला उभं केलेल्या पोरासारखा छताकडं बघत होता.

‘समुद्र माझ्याच्यानं होत नाही. खेळ या महिन्याच्या शेवटी बंद होईल. तुम्ही आणलेले पैसे परत घेऊन जा.’

‘आणि?’

‘आणि काय?’

‘आणि उद्यापासून मी नोकरीला जाणार आहे. ते गिळलंस.’

‘ते कशाला सांगायचं वैजू? त्यांना काय करायचंय?’

‘चारचौघांत सांगितलं की मागं फिरता येत नाही, म्हणून सांगायचं. भात करपला तरी चालेल, पण ते ऐकल्याशिवाय मी गॅसकडं वळणार नाही.’

त्यानं सांगितलं. आवाज बारीक होता, पण सांगितलं. मी भाताखालचा गॅस कमी केला आणि मनात म्हटलं, देवा, आजचा रविवार एवढा पार पडू दे.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. आम्ही तेव्हा गडहिंग्लजला राहायचो, आजही मी तिथंच आहे. मी एका पतसंस्थेत कर्जवसुलीच्या टेबलावर, आणि निशिकांत घरी, माडीवरच्या खोलीत. त्यानं एक खेळ केला होता. इंटरनेटवर शेकडो माणसांनी एका वेळी मिळून खेळायचा खेळ. नाव ‘मिठाची वाट’. बैलांच्या पाठीवर मीठ लादायचं, कोकणातून घाट चढून देशावर यायचं, बाजारात मीठ विकायचं आणि धान्य घेऊन परत उतरायचं. मारामारी नाही, बंदूक नाही. लग्न नवीन होतं तेव्हा मी चेष्टा करायची, ‘बैल हाकायला कोण रे बसणार तुझ्यापाशी?’ पण बसले. घाट एकट्यानं चढताच येऊ नये अशी त्यानं रचना केली होती. तुमचा बैल घसरला की मागच्यानं येऊन सावरायचा, नाहीतर तुमचं मीठ गेलं दरीत. त्यामुळं खेळणारी माणसं एकमेकांना धरून राहिली. कुणी नाशिकचं, कुणी दुबईचं, कुणी चिपळूणचं. स्वतःला ती तांडा म्हणायची.

तांड्यानं पहिल्यांदा वर्गणी काढली ती घाटासाठी. घाट झाला. दुसऱ्यांदा बाजारासाठी. बाजार तर इतका देखणा झाला की मीसुद्धा कधीमधी वर जाऊन बघत उभी राहायची. तिसऱ्यांदा समुद्रासाठी. बंदरं, गलबतं, मिठागरं, सगळं कबूल करून बसला होता हा. ते पैसे खेळ ज्या यंत्रावर चालतो त्याच्या भाड्यात गेले आणि कोल्हापूरच्या दोन चित्रकार पोरांच्या पगारात गेले. पोरांना पुण्यात बरी नोकरी लागली, ती गेली. समुद्र काही झाला नाही. आमच्या घरात त्यातला रुपया आला नाही, हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. घर माझ्या पगारावर चालत होतं.

त्या शेवटच्या वर्षी तो सकाळी आंघोळ करून माडीवर जायचा आणि संध्याकाळी खाली यायचा. मला वाटायचं, काम चाललंय. एकदा दुपारी रजा टाकून घरी आले, चहा घेऊन वर गेले, तर पडद्यावर नुसता निळा रंग. वरपासून खालपर्यंत निळा.

‘हे काय?’

‘समुद्र,’ तो म्हणाला.

‘किती दिवस एवढाच आहे?’

त्यानं कप घेतला आणि पडद्याकडं मान वळवली. वजन किती उतरलं होतं ते मला त्या दिवशी नीट दिसलं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सुटी हलत होती. मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मला एकटीला आत बोलावून सांगितलं, ‘याला त्या कामातून बाहेर काढा. लवकर काढा. ब्लडप्रेशर बघितलंय का किती आहे?’ मग मी माझ्या मामांच्या मागं लागले. मामांनी त्यांच्या ओळखीच्या कारखानदाराकडं शब्द टाकला, गोकुळ शिरगावात, फाउंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. निशिकांत कबूल झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपला.

आणि त्याच आठवड्यात मगदूम सरांचा फोन आला.

देशभूषण मगदूम हे जयसिंगपूरला हायस्कुलात शिक्षक, तांड्याचे पुढारी. इतका मऊ माणूस की रिक्षावाल्यालासुद्धा ‘आपण’ म्हणायचा. ‘वहिनी, रविवारी येतोय आम्ही तेरा जण. निशिकांत सरांना सांगू नका, पण तांड्यानं चौथ्यांदा वर्गणी काढली. तिन्ही वेळेपेक्षा जास्त जमलीय!’

‘अहो सर, पैसे आणू नका. खरंच नको. त्याला झेपत नाही.’

ते हसले. ‘वहिनी, तुमचा स्वभावच भिडस्त.’

मी! भिडस्त! आमच्या पतसंस्थेत थकबाकीदार माझं टेबल टाळून मागच्या दारानं जातात. पण या माणसांशी भांडायचं कसं तेच मला कळत नव्हतं. थकबाकीदाराला आम्ही नोटीस पाठवतो, दारात जाऊन दोन शब्द सुनावतो, त्याचा अपमान होतो, पण काहीतरी एक होतं. ही माणसं नोटीसच द्यायची नाहीत. उलट आणखी कर्ज आणून दारात उभी. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती.

तर ती तेरा माणसं अकराच्या सुमाराला टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरली. हसत, एकमेकांना हाका मारत, हातात पिशव्या. माडीवर जाऊन आली. निशिकांतच्या खुर्चीचे फोटो काढले. एका गृहस्थानं तर कीबोर्डाला हात लावून तो कपाळाला लावला. निशिकांत कोपऱ्यात उभा राहून कसंनुसं हसत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्यांच्यातल्या बिवलकरबाई तेवढ्या स्वयंपाकघरात आल्या. सत्तरीच्या, चिपळूणच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. येताना कोकमाच्या आगळाची बाटली आणली होती. पदर खोचून त्या विळीवर काकडी चोचवायला बसल्या, आणि मला एकदम भरून आलं. म्हटलं, हिला सांगावं. ही बाई आईसारखी आहे.

‘बाई, समुद्र झालेला नाही,’ मी म्हटलं. ‘होणारही नाही. वर्षभर त्यानं एक रेघ मारलेली नाही. डॉक्टर म्हणतात सोडायला लावा. उद्यापासून तो नोकरीला जाणार आहे.’

त्यांचा हात थांबला नाही. ‘ठाऊक आहे गो मला.’

‘काय ठाऊक आहे?’

‘समुद्र होणार नाही ते. मलाच काय, निम्म्याअर्ध्या तांड्याला ठाऊक आहे. आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?’

मी हातातला झारा खाली ठेवला. ‘मग पैसे कशाला देता?’

‘बंद पडला तर आम्ही भेटायचं कुठे?’ त्या म्हणाल्या. अगदी सरळ म्हणाल्या, लपवाछपवी नाही. ‘मुलगा कॅनडात. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मी तांड्यात जाते. काल माझा बैल घसरला तर तो नाशिकचा डॉक्टर धावत आला. मला आजी म्हणतो. घरात मला हाक मारायला दुसरं आहे कोण?’

‘अहो, मग त्याला तसं सांगा ना! समुद्र नको, आहे एवढं पुष्कळ आहे, म्हणून सांगा. तो मोकळा होईल.’

‘तसं सांगितलं तर वर्गणी कोण देईल? लोक समुद्राच्या नावानं देतात. भाडं भरायचं तर पैसे हवेत ना.’

‘बाई, मी पाया पडते तुमच्या. तो मरेल हो यानं.’

आता मात्र त्यांनी विळी बाजूला केली. माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. ‘असं अभद्र बोलू नये. सांगते मी. एक वाक्य ना? सगळ्यांसमोर सांगते. माझा शब्द ते मोडायचे नाहीत.’

मी खरंच त्यांच्या पायाला हात लावला.

जेवणाआधी कार्यक्रम करू, असं मगदूम सर म्हणाले. बाहेरच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. एका मुलीनं मोबाइल उंच धरला. बाकीचा तांडा, तीन-चारशे माणसं, आपापल्या घरून बघत होती. सरांनी पिशवीतून तांब्याचं ताट काढलं, त्यावर रेशमी खण अंथरला, खणावर पाच पानांचा विडा ठेवला आणि विड्याशेजारी पैशांचं जाड पाकीट.

ते ताट मी लगेच ओळखलं. कारण हा विडा निशिकांतनंच खेळात घातला होता. घाट चढण्याआधी बाजारात असंच ताट मांडतात. जो विडा उचलेल तो तांड्याचा नायक. एकदा उचलला की खाली ठेवता येत नाही. नायक अर्ध्या वाटेतून फिरला तर सगळ्यांच्या गोणीतलं मीठ विरघळतं, एकट्या त्याच्या नाही. लोक त्यावर फिदा होते. तो खेळ होता आणि हे खरंखुरं, पण त्या खोलीत बसलेल्या एकालाही ते वेगळं वाटत नव्हतं. निशिकांतला तर नाहीच नाही.

मी दारात उभी राहिले आणि त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं. बोल.

तो उठला. ‘समुद्र,’ त्यानं घसा खाकरला, ‘समुद्र माझ्याच्यानं होत नाही.’

शाब्बास, मी मनात म्हटलं, आता पुढचं.

पण पुढचं त्यानं आम्ही घोकलेलं म्हटलं नाही. तो म्हणाला, ‘तुम्ही तिसऱ्यांदा दिलेत, त्याचं मी काहीच केलेलं नाही. वर्षभर मी नुसता बसून आहे. तुम्ही विचारलंत की, होतंय होतंय म्हणून सांगत होतो. खोटं सांगत होतो. मी तुम्हाला फसवलंय.’

हे तो सरांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलला. असा ताठ मी त्याला कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. मला वाटलं, झालं, आता फुटणार. कुणीतरी उठेल, चार शब्द सुनावेल, पाकीट उचलून चालायला लागेल, आणि आम्ही सुटू. खरं सांगते, मी जीव मुठीत धरून त्या भांडणाची वाट बघत होते.

मगदूम सर उठले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी निशिकांतला मिठी मारली. ‘सर, किती सोसलंत हो एकट्यानं! आम्हाला सांगायचं नाही का? दमलात तुम्ही. कलावंत माणूस दमतो.’

‘मी फसवलंय तुम्हाला,’ निशिकांत त्यांच्या खांद्यावरून म्हणाला.

‘आपल्या माणसात कसली आलीय फसवणूक?’ मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या झाल्या. मोबाइलवाली मुलगी म्हणाली, ‘सगळे लिहितायत, आम्ही थांबू, आम्ही थांबू.’

‘त्याला उद्या नोकरीला जायचंय!’ मी दारातून ओरडले. माझाच आवाज मला परका वाटला. ‘त्याची तब्येत बघा. वर्गणी घेऊन जा परत. बंद करतोय तो खेळ!’

सर माझ्याकडं वळले, आणि अगदी मायेनं म्हणाले, ‘वहिनी, त्यांना नोकरी करायची वेळ येऊ नये म्हणूनच तर हे आणलंय. आजवर त्यांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही. या वेळी यात त्यांचा दोन वर्षांचा पगारसुद्धा धरलाय.’

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. मी बिवलकरबाईंकडं बघितलं. ‘बाई, बोला. तुम्ही शब्द दिलाय.’

बाई उठल्या. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले, मोबाइलही तिकडं वळला. त्यांनी मोबाइलकडं बघितलं. त्यात त्यांचा तो नाशिकचा डॉक्टर असणार, सगळेच असणार. मग माझ्याकडं बघितलं. पदर सारखा करत राहिल्या.

‘सांगा आजी,’ कुणीतरी म्हणालं.

‘बाळा,’ त्या निशिकांतला म्हणाल्या, ‘घाई करू नकोस हो. दोन वर्षं लागू देत, चार लागू देत. आम्ही कुठे जातोय?’

आणि खाली बसून पदर तोंडाला लावला.

निशिकांतचे खांदे पडले. मघाचा ताठा कुठल्या कुठं गेला. तो वाकला आणि त्यानं विडा उचलला. केवढा गलका झाला! शेजारचे पाटील काय झालं म्हणून गच्चीतून डोकावून गेले.

मग जेवणं झाली. मीच वाढलं. भात करपला नव्हता, उलट सगळ्यांनी मागून घेतला. मठ्ठाही ओतला, कुणाच्या पानात मी कमी पडू दिलं नाही. बिवलकरबाई जेवल्या नाहीत. निघताना त्या माझ्याशी बोलायला आल्या, तेव्हा मी भांड्यांकडं तोंड करून उभी राहिले.

गाडी गेल्यावर मी माडीवर गेले. तो कॉम्प्युटर चालू न करता खुर्चीत बसला होता. पाकीट मांडीवर होतं.

‘उद्याचं काय?’

‘नाही जाता यायचं.’

‘का? का रे? एवढं सांगितलंस, सगळं खरं बोललास, आणि शेवटी शेपूट घातलीस? एक पाकीट उचलून त्यांच्या अंगावर फेकता येईना तुला?’

‘वैजू,’ तो म्हणाला, ‘एकानं तरी शिवी घालायला पाहिजे होती गं.’

‘शिवी?’ मी म्हटलं.

‘म्हणून तर सगळं सांगितलं. म्हटलं, चोर म्हणतील, थुंकतील, जातील. मग मी मोकळा. शिवी खाल्ली असती तर फिटलं असतं. एकजण तरी चिडायला पाहिजे होता. अशा माणसांना सोडून जायचं कसं, सांग तू मला.’

मग मी चिडले. त्याला हवी तर शिवी, घे म्हटलं. चोरा, म्हटलं. लोकांच्या पैशावर बसून खाणाऱ्या, बुडव्या, खोटारड्या. माझ्या बापानं माझं वाटोळं केलं तुझ्या गळ्यात बांधून. वसुलीला गेल्यावर लोकांच्या तोंडून जे जे ऐकलं होतं ते सगळं काढलं, आणि रडत काढलं, त्याच्या दंडाला धरून हलवत काढलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मी दमले तेव्हा त्यानं माझा हात हातात घेतला.

‘तुझ्या शिवीनं नाही होत,’ तो म्हणाला. ‘तू कुठं वर्गणी दिलीयस?’

सोमवारी तो माडीवर गेला. आंघोळ करून, रोजच्यासारखा. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते अजून धड बोलत नाहीत. नोकरी दुसऱ्या कुणाला गेली.

त्यानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत, फाल्गुनात, मी सकाळचा चहा घेऊन वर गेले तर त्याची मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली होती. पडदा निळा होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. बेचाळीस वर्षांचा होता.

तेराव्याला तांडा आला. या वेळी दोन गाड्या आल्या. रडले सगळे, खोटं कशाला बोलू, मनापासून रडले. बिवलकरबाई माझ्या गळ्यात पडल्या आणि मी त्यांना दूर केलं नाही. त्या दिवशी माझ्यात तेवढा जोर नव्हता.

जेवणं उरकल्यावर मगदूम सर मला बाजूला जिन्यापाशी घेऊन गेले. हात जोडले होते.

‘वहिनी, बोलायची ही वेळ नाही, कळतं मला. पण यंत्राचं पुढचं भाडं भरायला हवं. तांड्यानं ठरवलंय, पुन्हा वर्गणी काढायची. सरांच्या नावानं समुद्र पुरा करायचा. पुण्याची माणसं तयार आहेत काम करायला. फक्त तो पासवर्ड तेवढा तुमच्याकडं...’

‘खेळ बंद केलाय मी,’ मी म्हटलं. ‘आज सकाळी. भाड्याच्या यंत्रावरचंही सगळं पुसून टाकलंय. तुमचे शेवटचे पैसे उरलेत ते कपाटात आहेत, जाताना न्या.’

त्यांना आधी ते कळलंच नाही. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, उघडून बघितलं, बंद करून पुन्हा उघडलं. मागं अंगणात बाकीच्यांचे आवाज बदलायला लागले होते. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, ‘अरे, काहीच नाही उघडत!’

सरांनी मान वर केली. तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. रिक्षावाल्याला आपण म्हणणारा तो माणूस, तेराव्याच्या दिवशी, चाळीस माणसांदेखत माझ्यावर बोट रोखून ओरडला, ‘सटवे, तूच खाल्लंस त्याला! रांडे, आमचं सगळं मातीत घातलंस!’

कुणी त्यांना आवरायला पुढं आलं नाही.

मला राग आला नाही. रडूही आलं नाही. मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

‘सर,’ मी म्हटलं, ‘हे त्या रविवारी त्याला म्हणायचं होतं.’